ठिणगी पडते, पण पेट का घेत नाही?

विचारलेलं थोडक्यात असं: चकमकीचा संच आणला आहे. गारगोटीवर पोलाद झाडलं की ठिणग्या भरपूर उडतात, खाली पिंजलेला पांढराशुभ्र कापूस ठेवलेला आहे, पण हात भरून येईपर्यंत झाडूनही कापूस पेट घेत नाही. चूक दगडाची, पोलादाची की हाताची? आणि जोडीला दुसरा प्रश्न: गार, चकमक, अरणी, पलिता, तोडा, कोलीत हे शब्द नेमके कोणत्या वस्तूंचे, आणि विस्तव, आग, जाळ यांत फरक काय?

गेली पंचवीस वर्षं मी लोकांना उघड्यावर आग पेटवायला शिकवते. हे दोन प्रश्न वेगळे नाहीत, म्हणून उत्तरही एकत्रच देते. तुमच्या दगडात खोट नाही, हातातही नाही. ठिणगीकडून तुम्ही थेट जाळाची अपेक्षा करताय, आणि ठिणगी जाळ देत नसते. ती निखारा देते, तोही योग्य जागी पडली तर. निखाऱ्यातून जाळ काढायचं काम वेगळं, त्याचं सामान वेगळं. मराठीत या प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र क्रियापद आहे. चकमक झाडायची, ठिणगी धरायची, ती धुमसू द्यायची, निखारा फुलवायचा आणि मग काटक्या पेटवायच्या. तुमचा दुसरा आणि तिसरा टप्पा गळला आहे. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांचं असंच झालेलं असतं.

आधी ठिणगी म्हणजे काय ते पाहू, कारण गैरसमज इथूनच सुरू होतो. ठिणगी दगडातून निघते असं बहुतेकांना वाटतं. ती निघते पोलादातून. गारगोटी पोलादापेक्षा कठीण असते, तिची धार पोलादाचा बारीकसा कण खरवडून काढते, त्या घर्षणाने कण तापतो आणि हवेत आल्याबरोबर जळू लागतो. म्हणजे ठिणगी हा जळत्या लोखंडाचा कण आहे. म्हणूनच नुसत्या दोन गारगोट्या एकमेकींवर घासून आग होत नाही. अंधारात त्यांच्यात फिकट उजेड चमकतो, जळका वासही येतो, पण त्या चमकेत जाळण्याइतकी धग नसते. 'आदिमानवाने दोन दगड घासले आणि आग पेटली' ही चित्रातली गोष्ट अर्धीच खरी आहे. दोनांतला एक दगड लोहमाक्षिक असेल, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं सोनेरी झाक असलेलं खनिज, तर मात्र जमतं. तिथेही जळतो तो खनिजाचा कण. त्याचं पाश्चात्त्य नाव 'पायराइट' हे ग्रीक भाषेतल्या आगीच्या शब्दावरूनच आलं आहे.

पोलादाच्या ठिणगीची अडचण अशी की ती छोटी असते आणि क्षणात विझते. पांढऱ्या कापसावर ती पडते तेव्हा कापसाचा तंतू तापायला, त्यातला ओलावा उडायला आणि तंतूचं विघटन व्हायला लागणारी उष्णता तिच्याजवळ नसते. कापूस कितीही कोरडा असला तरी त्याचं पोट तेवढ्यावर भरत नाही. तुमचा संच कोणता हेही मला यावरूनच कळलं. बाजारात 'चकमक' म्हणून जी काळी कांडी मिळते ती पोलादाची नसते. ती लोखंड आणि सीरियम यांचा मिश्रधातू असते. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि लायटरमधला 'दगड' म्हणतात तोही हाच. त्या कांडीच्या ठिणग्या तीन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जातात. पांढरा पिंजलेला कापूस त्यांच्यावर लगेच भडकतो. तुमचा भडकत नाही, म्हणजे तुमच्या हातात खरी चकमक आहे. चांगलंच आहे. हिच्यावर शिकलात तर बाकी सगळं सोपं जाईल.

तेव्हा कापूस फेकू नका, करपवा. म्हणजे कापूस नव्हे, सुती कापड. जुन्या, अनेकदा धुतलेल्या, शंभर टक्के सुती कपड्याच्या तळहाताएवढ्या चिंध्या घ्या. टेरीकॉट चालणार नाही, त्यातला कृत्रिम धागा वितळून चिकट गोळा होतो. घट्ट झाकणाचा छोटा पत्र्याचा डबा घ्या आणि झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा. चिंध्या सैलसर भरा, कोंबू नका. डबा निखाऱ्यावर ठेवा, आणि हे उघड्यावर करा, घरात नको. थोड्या वेळात भोकातून दाट पांढरा धूर येईल. कधी कधी त्या धुराला जाळ लागतो आणि भोकावर छोटी ज्योत नाचते. घाबरू नका, कापडातून निघणारा वायू जळतोय. धूर मंदावून थांबला की डबा काठीने बाजूला ओढा आणि भोकात ताबडतोब काडी खुपसून ते बंद करा.

आणि आता थांबा. डबा हाताला पूर्ण गार लागेपर्यंत झाकण उघडायचं नाही. माझे पहिले तीन डबे मी उतावळेपणाने उघडले. झाकण निघालं, हवा आत शिरली, आणि डोळ्यांदेखत काळ्या चिंधीच्या कडेवरून लाल रेघ धावत गेली. मागे राहिली ती करडी राख. त्या वेळी वाईट वाटलं, पण आज वाटतं की मला हवा असलेला गुण त्या चिंधीने तिथेच दाखवला होता. इतक्या कमी धगीवर ती पेटत होती.

नीट झालेली चिंधी काळीभोर असते, तपकिरी नव्हे. हातात मऊ लागते, उचलल्यावर तुटत नाही पण ओढल्यावर अलगद फाटते. तपकिरी राहिली असेल तर पुन्हा डब्यात घालून निखाऱ्यावर ठेवा. बोट लावताच भुगा होत असेल तर जास्त झाली. असं का होतं तेही सांगते, म्हणजे कृती पाठ करावी लागणार नाही. हवेवाचून तापवल्याने कापडातला पेट घेणारा वायू आधीच निघून गेलेला असतो. मागे उरतो तंतूंच्या आकाराचा सच्छिद्र कोळसा. वायूच नाही म्हणून जाळ होत नाही. पण त्या कोळशाला पृष्ठभाग अफाट असतो, चहूबाजूंनी हवा लागते, त्यामुळे ठिणगीएवढ्या धगीवर तो धुमसू लागतो आणि धुमसणं आपलं आपण पुढे सरकतं. आग पेटवण्याच्या साऱ्या विद्येत मला हा भाग सर्वांत आवडतो. एकदा अर्धवट जळलेली वस्तू दुसऱ्यांदा पटकन पेटते. दिव्याची कोरी वात पेटायला वेळ घेते आणि कालची काजळलेली वात काडी दाखवताच पेटते, तेही यामुळेच.

आता झाडण्याची पद्धत. डाव्या हातात गारगोटी, तिची धार वर आणि बाहेर. धारदार कड हवीच. नदीतला गोल गोटा असेल तर तो फोडून कड काढा, फोडताना डोळ्यांवर चष्मा आणि हातावर जाड कापड घ्या. दगडाच्या वरच्या अंगाला, कडेला अगदी लागून, करपलेली चिंधी अंगठ्याखाली दाबून धरा. उजव्या हातातलं पोलाद वरून खाली, दगडाच्या कडेला निसटतं घासून न्या. ठोकायचं नाही. हातोडीसारखं मारलं की दगड फुटतो आणि ठिणग्या जमिनीकडे जातात. कडेवरून पोलादाचा पापुद्रा सोलून काढतोय असं मनात धरा. ठिणगी वरच चिंधीवर येते. चिंधीच्या कडेला मोहरीएवढा लाल ठिपका दिसला की हात थांबवा. सावलीत करा, कारण भर उन्हात तो ठिपका दिसत नाही आणि माणूस पेटलेल्या चिंधीवरच झाडत राहतो.

पोलादाबद्दल एक सांगायला हवं. स्टेनलेस चालत नाही, मऊ लोखंड चालत नाही. भरपूर कार्बन असलेलं आणि नीट पाणी दिलेलं, म्हणजे लाल तापवून एकदम गार करून कठीण केलेलं, पोलाद लागतं. जुनी झिजलेली कानस यासाठी उत्तम. तिचे दात एका कडेला घासून गुळगुळीत करा. पण घासताना ती निळी पडेपर्यंत तापू देऊ नका, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ते ठिणगी टाकत नाही. मध्ये मध्ये पाण्यात बुडवत राहा.

'चकमक' या शब्दाचं मूळही या कृतीतच आहे. तुर्की भाषेत 'चाकमाक' म्हणजे आघात करणे, ठोकणे. तिथून फारसीमार्गे तो आपल्याकडे आला. सैन्यांची चकमक झडते तेव्हा आपण नकळत पोलाद आणि दगडाची उपमा वापरत असतो. गार आणि गारगोटी म्हणजे दगड, चकमक म्हणजे पोलादाचा तुकडा किंवा दगडासकट सगळा संच. जुन्या वाक्यात कोणता अर्थ आहे ते संदर्भाने ठरवावं लागतं.

चिंधीवर लाल ठिपका आला. आता तिसरा टप्पा. हा निखारा एकटा ठेवला तर चिंधी खाऊन विझून जाईल. त्याला घरटं लागतं. मी खरंच पक्ष्याच्या घरट्यासारखा मूठभर पुंजका करते. बाहेरून वाळलेलं गवत, आत पिंजलेला ताग किंवा काथ्या, अगदी मध्ये हातावर चोळून धुळीसारखं केलेलं काही तरी. सुतळी असेल तर तिचा पीळ सोडवून धागे सुटे करा. इथे तुमचा पांढरा कापूसही थोडा चालेल, कारण आता ठिणगी नाही, निखारा आहे. निखारा मध्ये ठेवा, पुंजका त्याच्याभोवती सैल मिटा. घट्ट मुठीत दाबला तर आतली हवा संपते आणि निखारा गुदमरतो.

आणि फुंकर. इथे सगळे घाई करतात. जोरात फुंकलं की निखाऱ्याची धग उडून जाते, हळू फुंकलं की त्याला हवा पुरत नाही. ओठ बारीक करून लांब, एकसारखी फुंकर घाला. श्वास घेताना तोंड बाजूला वळवा, नाही तर धूर छातीत जातो. पुंजका चेहऱ्याच्या थोडा वर धरा, म्हणजे धूर वर निघून जाईल आणि श्वासातला ओलावाही कमी लागेल. धुराकडे बघा. आधी तो विरळ आणि निळसर असतो. मग पांढरा आणि दाट होतो. मग पिवळट, जड, डोळ्यांना झोंबणारा. हा पिवळट धूर म्हणजे जळण्याजोगा वायू. तो आला की आणखी दोन फुंकरा, आणि भप्पकन जाळ हातात येतो. तो जमिनीवर काटक्यांखाली ठेवायची तयारी आधीच केलेली हवी. जाळ हातात आल्यावर काटक्या शोधायला धावणारे मी फार पाहिले आहेत.

या क्षणासाठी आपल्याकडे किती बारीक शब्द आहेत ते पाहा. धुमसणं म्हणजे जाळाविना, आतल्या आत जळत राहणं. धुपणं म्हणजे धूर काढत रेंगाळणं, बहुधा ओलाव्यामुळे. निखारा फुलणं म्हणजे हवा मिळाल्यावर लाल होणं. रसरसणं म्हणजे पूर्ण पेटून धग फेकणं. चेतवणं म्हणजे निपचित पडलेल्या विस्तवाला जागं करणं, 'चेतना' त्याच घराण्यातली. शिलगावणं हे छोट्या वस्तूला आग लावणं. पाजळणं दिव्याचं किंवा मशालीचं. आणि भडकणं हे आपल्या हाताबाहेर चाललं आहे असं सांगणारं. मी शिकवताना 'पेटव' असं मोघम सांगत नाही. 'अजून धुमसू दे', 'आता फुलव' असं सांगते. हाताला नेमकी सूचना मिळते.

आता विस्तव, आग, जाळ. विस्तव म्हणजे निखाऱ्याच्या रूपातली, ताब्यातली आग. हा सहसा उचलून नेता येतो, झाकून ठेवता येतो, मागता येतो. जाळ म्हणजे ज्योत, संस्कृतातल्या 'ज्वाल' शब्दाचा वंशज. तो घालता येतो, वाढवता येतो, पण उचलून नेता येत नाही. आग हा दोघांना पोटात घेणारा शब्द, आणि तीच घरालाही लागते. दोन माणसांचं पूर्ण फाटलं की आपण 'त्यांच्यात विस्तवही जात नाही' म्हणतो, 'जाळ जात नाही' म्हणत नाही. आग नव्याने पेटवणं किती कष्टाचं होतं आणि म्हणून एकाने दुसऱ्याला निखारा देणं किती साधी, रोजची गोष्ट होती, ते या एका वाक्प्रचारात शिल्लक आहे. इंगळ हाही निखाराच, संस्कृतातल्या 'अंगार' शब्दाचं प्राकृतातून आलेलं रूप. फुफाटा म्हणजे तापलेली राख. वरून निरुपद्रवी दिसते आणि पाय भाजते, म्हणून 'आगीतून फुफाट्यात'. 'इंधन' हा शब्द 'इन्ध्' म्हणजे पेटवणे या धातूवरून आला आहे, 'समिधा'ही त्यातूनच.

वाहून नेण्याच्या वस्तूंची नावं वेगळी. कोलीत म्हणजे एका टोकाला पेटलेलं लाकूड. चूड म्हणजे पेटवलेल्या काटक्यांची किंवा सुक्या पात्यांची जुडी. काकडा म्हणजे चिंध्यांची जाड, तेलात भिजवलेली वात. पलिता म्हणजे पीळ दिलेली पेटती चिंधी किंवा वात, मूळ अरबी 'फतीला', म्हणजे पिळलेली वस्तू. तोडा मात्र या सगळ्यांहून निराळा. तो जाळाने जळत नाही, धुमसतो. सुती दोर सोऱ्याच्या, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच्या, पाण्यात भिजवून वाळवला की त्याचं टोक लाल राहून हळूहळू सरकत जातं. सोरा तापल्यावर प्राणवायू सोडतो, त्यामुळे दोर सहसा विझत नाही. तोड्याची बंदूक ती याच दोराने. चाप ओढला की लाल टोक रंजकेवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूवर, टेकायचं. म्हणजे तुमची करपलेली चिंधी आणि हा तोडा सख्खी भावंडं. दोघांनाही जाळ नको, धुमसणं हवं.

तिसरं भावंड बुरशी. झाडांच्या खोडांवर घोड्याच्या खुरासारखी कडक बुरशी वाढते, तिच्या आतला तपकिरी, मखमलीसारखा थर सोलून, कुटून, कधी सोऱ्यात भिजवून युरोपात शतकानुशतकं ठिणगी धरायला वापरला. १९९१ साली आल्प्सच्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाचं शरीर सापडलं, ओट्झी नावाने ते ओळखलं जातं. त्याच्या कमरेच्या पिशवीत हीच बुरशी होती आणि तिच्यावर लोहमाक्षिकाचे कण होते. शिवाय त्याच्याजवळ भूर्जाच्या सालीचं भांडं होतं आणि त्यात मेपलच्या पानांसोबत कोळशाचे कण. निखारा पानांत गुंडाळून नेण्याचं ते भांडं. नवी आग करण्याचं सामान जवळ असूनही तो माणूस विस्तव सोबत बाळगत होता. मी डोंगरात असते तेव्हा तसंच करते.

भूर्जाची साल अंगच्या तेलकटपणामुळे ओली असतानाही पेटते, तिच्यासारखी दुसरी साल नाही. राळ भरलेलं पाइनचं लाकूडही तसंच, त्याची ढलपी पावसात हाताला धरून पेटवता येते. पण ही दोन्ही जाळाची सामग्री आहेत, ठिणगीची नव्हेत. त्यांच्यावर पोलादाच्या ठिणग्या पाडत बसू नका. सावरीच्या किंवा रुईच्या कापसाचंही तेच. तो क्षणात भुर्रकन जळून जातो, मागे निखारा ठेवत नाही.

अरणीचं विचारलंत. अरणी म्हणजे लाकडावर लाकूड घासून आग काढण्याचं साधन. खालची अधरारणी, वरची उत्तरारणी, आणि घुसळायचं म्हणून 'मंथन'. दोरीने रवी फिरवतात तीच गती. मी धनुकलीने करते, तत्त्व एकच. लाकूड हलकं, पूर्ण वाळलेलं, राळ नसलेलं हवं. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर खूण उठली पाहिजे. खालच्या फळीत खळगा आणि त्याच्या कडेला मध्यापर्यंत जाणारी पाचरीसारखी खाच, वर्तुळाच्या साधारण आठव्या भागाएवढी. ही खाच विसरली तर काहीही होत नाही, कारण आग काठीला लागत नसते. घासून पडणारा तापलेला भुसा त्या खाचेत साठतो आणि निखारा त्या भुशात धरतो. भुसा फिकट तपकिरी असेल तर दाब किंवा वेग वाढवा. काळसर आणि लोकरीसारखा हवा. खळगा चकचकीत होऊन किंचाळायला लागला तर घासटून गुळगुळीत झाला आहे, खरवडून पुन्हा सुरू करा. आणि धूर आला म्हणजे आग आली असं समजू नका. फिरवणं थांबवून बघा. हात थांबल्यावरही भुशातून धुराची बारीक दोरी वर येत राहिली, तर निखारा जन्मला. मग अर्धा मिनिट त्याला हात लावू नका, भुसा एकजीव होऊ द्या.

भिंगाने ऊन एकवटून आग काढायची असेल तर थोडक्यात: काळी, करपलेली वस्तू घ्या, पांढरी नको. पांढरा कागद ऊन परतवतो.

काडेपेटीला जुने लोक कमी लेखतात असं ऐकते, ते मला पटत नाही. ती पहिल्या तीन टप्प्यांचं काम एका ओढीत उरकते, आणि तिची किंमत माणसांनी शरीराने मोजली आहे. १८२६ साली इंग्लंडमध्ये जॉन वॉकर या औषधविक्रेत्याने घासून पेटणारी काडी शोधली, पुढच्या वर्षी ती विकायलाही ठेवली. नवल असं की प्लॅटिनमवर हायड्रोजन सोडून पेटणारा डोबरायनरचा दिवा, म्हणजे एका अर्थाने लायटर, १८२३ सालचा. तो काडीच्या आधी आला. मग काड्यांत पांढरा फॉस्फरस आला. कुठेही घासली तरी पेटणारी काडी मिळाली, आणि कारखान्यांतल्या बायकामुलींच्या जबड्यांची हाडं सडू लागली. १८८८ साली लंडनच्या काडेपेटी कारखान्यातल्या मुलींनी कामाच्या परिस्थितीविरुद्ध संप केला, तो इतिहासात नोंदला गेला आहे. १९०६ च्या बर्न करारानंतर पांढरा फॉस्फरस हळूहळू हद्दपार झाला. आपण वापरतो ती सुरक्षित काडी स्वीडनची. गुस्टाफ एरिक पाश यांनी १८४४ मध्ये पांढऱ्याऐवजी तांबडा फॉस्फरस घेतला आणि तो काडीवर न ठेवता पेटीच्या पट्टीवर नेला, आणि यंशपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी १८५० च्या दशकात तिचा कारखाना उभा केला. काडीच्या टोकावरच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट, पट्टीवर तांबडा फॉस्फरस आणि काचेची पूड. दोघे भेटल्याशिवाय आग नाही. म्हणून काड्या कोरड्या राखून भागत नाही. पट्टी दमट होऊन मऊ पडली तर कोरडी काडीही नुसती घासली जाते. पट्टीचा तुकडा काड्यांसोबत बंद डबीत ठेवा.

आता सरपण, कारण जाळ हातात येऊनही आग विझते ती इथे. लाकूड स्वतः जाळाने जळत नाही. ते तापतं, त्यातून वायू निघतो, आणि तो वायू जळतो. म्हणून तुमच्या चिमूटभर जाळाला तापवता येईल इतकंच पातळ लाकूड आधी द्यायचं. पहिल्यांदा आगकाडीच्या जाडीच्या काटक्या, दोन्ही हातांत मावतील एवढी जुडी. मग पेन्सिलएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. हिशेब करून बघा. १० सेंटिमीटर बाजूचा चौकोनी ओंडका फोडून १ सेंटिमीटरच्या शंभर कांड्या केल्या, तर लाकूड तेवढंच राहतं आणि हवा लागणारी बाजू दहापट होते. कुऱ्हाडीचं खरं काम हे आहे. काटकी मोडताना कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकली किंवा साल धरून लोंबली तर ती ओली. शंका असेल तर गालाला लावा, ओलं लाकूड गार लागतं. जमिनीवर पडलेल्यापेक्षा झाडावरच वाळलेली काटकी घ्या. पाऊस होऊन गेला असेल तर जाड लाकूड फोडून मधला कोरडा गाभा काढा आणि चाकूने त्याचे कुरळे छिलके सोला, तुटू न देता.

आणि ओंडका एकटा जळत ठेवू नका. त्याची धग चारी बाजूंना निघून जाते आणि तो विझतो. दोन-तीन लाकडं बोटभर अंतराने समोरासमोर ठेवली की ती एकमेकांना तापवत राहतात. विझू लागलेल्या आगीवर लोक आणखी लाकडं टाकतात. बहुतेक वेळा असलेलीच जवळ सरकवायची असतात.

पेट्रोल कधीही वापरू नका. शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेटू शकते. ती हवेपेक्षा जड असते, म्हणून जमिनीवरून तुमच्या पायांपर्यंत पसरते आणि तुम्ही काडी ओढता तेव्हा तुम्ही तिच्या आतच उभे असता. तंबूत किंवा बंद खोलीत निखारे नेऊ नका. धूर दिसत नाही याचा अर्थ कार्बन मोनॉक्साइड नाही असा होत नाही, आणि त्याला वास नसतो. वारा वाहत असेल आणि भोवताली सुकं गवत असेल तर त्या दिवशी सराव करू नका.

रात्री विस्तव ठेवायचा असेल तर मोठे निखारे एकत्र ओढून बोटभर जाड राखेखाली झाका. राख धग आत ठेवते आणि हवा जेमतेम सोडते. सकाळी उकरलं की आत लाल सापडतं. 'कर्फ्यू' हा शब्द यातूनच आला आहे, मूळ जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'आग झाका' एवढाच. पण नेमक्या याच कारणाने सोडून जाताना राखेवर विसंबू नका. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि उलटा तळहात राखेजवळ नेऊन बघा. धग लागली तर पुन्हा पाणी.

तुमच्यापुरतं सांगायचं तर या आठवड्यात चकमक बाजूला ठेवून आधी चिंध्या करा. पहिला डबा गार झाल्यावर एक चिंधी काढून तिच्यावर अंधारात झाडा. तिसऱ्या-चौथ्या झाडणीत ठिपका धरला नाही तर चिंधीचा रंग आणि तिला ओढल्यावर ती कशी फाटली ते मला कळवा. कुठे कमी पडलं ते त्यावरून सांगता येईल.